ऑगस्टचं शेवटचं जहाज

हाम्राबोल, १० मे १९८४

ती. राग्नाताईस,
धाकट्या लिंदीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ईस्टरचं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. पंधरा दिवस मी मेंढ्यांच्या गोठ्यातच मुक्कामाला आहे. यंदा बर्फ हलायलाच तयार नव्हतं, त्यामुळे सगळ्या मेंढ्या गोठ्यातच व्याल्या. इकडे एकीचं बघावं तर तिकडे दुसरी ओरडतेय. भाकरी खिशात, कॉफी थर्मासमध्ये, आणि अंगाला असा वास की कुत्रासुद्धा लांबून बोलतो.

तुझ्या गोल्सा मेंढीला जुळं झालं, दोन्ही माद्या! ही म्हातारी यंदा काही देणार नाही असं मी गावभर सांगून बसलो होतो, तिने माझं नाक कापलं. तुला पहिला दात आला तेव्हा बाबांनी तुला दिलेल्या मेंढीची ही कितवी पणती-खापरपणती ते देवाला ठाऊक. पण खूण मी तीच ठेवलीय. उजव्या कानाचं टोक तिरकं, डाव्याला मागून खाच. तुझ्या खुणेच्या अकरा झाल्या बघ आता. अठ्ठेचाळीस वर्षं माझ्या गोठ्यात ऐष करतायत, आणि मालकीणबाई डेन्मार्कात गॅलरीतल्या फुलांना पाणी घालतायत!

ताई, यंदा सप्टेंबरात मेंढ्यांच्या वाटणीला ये. दरवर्षी मी म्हणतो आणि दरवर्षी तू बघू म्हणतेस, ते मला पाठ आहे. तरी यंदा ये. मेंढवाड्याची पडलेली भिंत आम्ही गेल्या वर्षी पुन्हा रचली. डोंगरावरून सगळ्या गावाच्या मेंढ्या उतरतील, एकदम आत कोंडू, आणि तू कान चाचपून आपल्या अकरा ओढून काढ. जमतंय का बघू. मी पैज लावतो की तू शेजाऱ्यांच्याच ओढशील.

माझं बरं चाललंय. डावा पाय जरा कुरकुर करतो, पण तो पहिल्यापासून आळशीच. भाच्याला, आस्गरला, आशीर्वाद. अजून त्याचं डोकं आगगाड्यांच्या वेळापत्रकातच अडकलंय का?

लोभ आहे, तो समुद्रापलीकडून किती वर्षं करायचा एवढाच प्रश्न आहे.

तुझा,
लिंदी

•

स्कोगार, २७ मे १९८४

सौ. राग्नाताई यांस,
ओड्नीचा स. न. वि. वि.

मी तुम्हाला आठवत नसेन. तुमच्या भावाच्या शेजारच्या मळ्यावर आम्ही राहतो. बासष्ट साली तुम्ही आला होतात, तेव्हा तुमचे यजमान घोड्यावर उलटे बसले आणि एक मुलगी खो-खो हसत सुटली. ती मी. ते गेल्याचं थोरलिंदुरकडून, म्हणजे तुमच्या लिंदीकडून, कळलं होतं. चांगले होते हो. घोडाही शेवटी त्यांच्यावर खूश झाला होता.

हे पत्र मी चोरून लिहितेय. तुमचा भाऊ पायाला आळशी म्हणतो ना, तो पाय नाही, खुबा आहे. पार झिजलाय. फेब्रुवारीत घर आणि गोठा यांच्या मधे पडला, तो उठूच शकेना. त्याचा कुत्रा आमच्या दारात येऊन ओरडायला लागला म्हणून आम्ही गेलो. वर हा आम्हालाच म्हणतो, आभाळ बघत पडलो होतो. डॉक्टर म्हणाले, राजधानीत ऑपरेशन होतं, नवा खुबा बसवतात, माणूस चालायला लागतो. पण नंबर हिवाळा सरता सरता लागेल, आणि तोवर एकट्याने गोठा सांभाळायचा नाही. त्याने ऑपरेशनला चक्क नाही म्हटलं. मेंढ्यांना कोण बघणार, म्हणे.

आता खरी गोष्ट. त्याने कत्तलखान्याला सांगून ठेवलंय. वाटणी झाली की दुसऱ्या दिवशी ट्रक येणार आणि सगळा कळप नेणार. कोकरंच नव्हे, मेंढ्यासुद्धा. तुमच्या खुणेच्याही. मळा बंद करून हा फ्योर्डच्या खाडीच्या टोकाला गावात एक खोली घेणार. तुम्हाला बोलावतोय ते शेवटची वाटणी बघायला. हे तो तुम्हाला मेला तरी सांगायचा नाही.

जड काम आमचे लोक करतील, गवताचे भारे आम्ही उचलू. आमचं आधीच बोलणं झालंय. पण घरात माणूस हवं, सकाळ-संध्याकाळ गोठ्यात उभं राहणारं आणि त्याला दटावणारं. माझं तो ऐकत नाही. सबंध पंचक्रोशीत तो कोणाचं ऐकत असेल असं वाटत नाही, पण तुमचं नाव काढलं की आवाज खाली येतो.

जास्त बोलले असेन तर क्षमा. मी कळवलं हे त्याला कळू देऊ नका, नाहीतर आमच्याशी बोलणं टाकेल, आणि हिवाळ्यात इथे बोलायला दुसरं आहे कोण?

तुमची,
ओड्नी

•

ऑल्बोर्ग, ९ जून १९८४

चि. आस्गर यास,
आईचे अ. उ. आ.

तू आगगाड्यांची वेळापत्रकं करतोस त्याचा आईला आजवर काही उपयोग झालेला नाही. आता होऊ दे. मला आइसलंडला, लिंदीमामाकडे जायचंय. आपल्या देशातून तिथे कशाकशाने जाता येतं ते सगळं नीट लिहून पाठव. मी पूर्वी गेले ते कोपनहेगनचं जहाज कधीच बंद झालं, हे मला माहीत आहे. नवीन काय आहे ते सांग.

विमान सोडून. बोर्नहोल्म बेटावर जायच्या वेळी काय झालं ते तू विसरला असशील तर तुझे बाबा विसरले नव्हते. मी पट्टा बांधून बसले, दार लागलं, आणि उठून उभी राहिले. शिडी परत लावायला लावली. सगळं विमान माझ्याकडे बघत होतं, मी कोणाकडेही बघितलं नाही. ज्याच्या खाली काहीही नाही अशा वस्तूत बसणं मला पटत नाही, संपलं.

आत्ताच का, असं विचारशील. मामा मेंढ्यांच्या वाटणीला बोलावतोय, एवढं पुरे. एकाहत्तरावं लागलंय मला, रोज पोहायला जाते, गुडघे ठणठणीत आहेत. हे गुडघे गॅलरीत फुलांपाशी उभे राहून वाया चाललेत असं हल्ली मला फार वाटतं.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती पत्रात मावत नाही म्हणून लिहीत नाही.

तुझी,
आई

•

कोपनहेगन, १७ जून १९८४

ती. आईस,
आस्गरचा सा. न. वि. वि.

विमान सोडून असं तू लिहिलंस तरी मी विमानापासूनच सुरुवात करणार, कारण शहाणी माणसं तसंच जातात. सकाळी कोपनहेगनहून उडायचं, दुपारी केफ्लाव्हिक. तिथून बसने राजधानीत, मग छोट्या विमानाने पूर्वेला एगिल्सस्तादिर, आणि घाट उतरून मामाकडे जेवायला. एक दिवस, आई! मी तुझ्याशेजारी बसेन, हात धरेन, आणि शिडीवाल्यांना आधीच सांगून ठेवेन.

मालवाहू जहाजांचंही विचारलं. काही जहाजांवर दोन-चार माणसांची सोय होते, पण ती उतरवणार राजधानीत, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. मग बसने किनाऱ्या-किनाऱ्याने धक्के खात जा. निघण्याचा दिवसही नक्की सांगत नाहीत. माझ्यासारख्या माणसाला हे ऐकूनच ताप आला.

राहिलं फॅरो बेटवाल्यांचं जहाज. गेल्या वर्षीपासून ते थेट आपल्या किनाऱ्यावरून, हान्स्तहोल्महून सुटतं, आणि गंमत म्हणजे मामाच्याच फ्योर्डमध्ये, सेदिसफ्योर्दुरला लागतं. फक्त उन्हाळ्यात, आठवड्यातून एकदा. पण ऐक. शनिवारी बसलीस की सोमवारी फॅरोत तोर्सहाव्नला सगळ्यांना खाली उतरवतात. जहाज नॉर्वेला जाऊन येतं, तोवर आपण तिथे वाट बघत बसायचं. बुधवारी पुन्हा चढायचं, गुरुवारी सकाळी आइसलंड. विमानाला एक दिवस आणि याला जवळपास आठवडा! शिवाय उत्तर समुद्र कसा असतो ते मी तुला काय सांगणार.

तारीख कळव, म्हणजे तिकीट काढतो. जुलै बरा, समुद्र शांत असतो. आणि खरं सांग, मामाची तब्येत ठीक आहे ना? तू उगाच गुडघ्यांचं लिहीत नाहीस.

लोभ ठेव, आणि विमानाचा विचार कर.

तुझा,
आस्गर

•

ऑल्बोर्ग, २ जुलै १९८४

चि. लिंदीस,
ताईचे अ. उ. आ.

येतेय! आता खुर्चीवरून पडू नकोस. आस्गरने सगळ्या वाटा शोधून दिल्या, त्यात विमानाची सगळ्यात जास्त तारीफ केली, म्हणून मी जहाज घेतलं. तीस ऑगस्टला, गुरुवारी सकाळी धक्क्यावर असेन. तिकीट आलंय.

तुझ्या घरात पडद्यांची काय अवस्था असेल याची मला कल्पना आहे, तेव्हा धूळ झटकायच्या भानगडीत पडू नकोस. माझी माडीवरची खोली तेवढी उघडून ठेव, आणि शेगडी नीट चालते का बघ. मला थंडी वाजते हल्ली. अंथरूण जरा जाड घाल.

पैज मला मंजूर आहे. माझी खूण मी डोळे मिटून ओळखते. तूच लहानपणी काप चुकवून गोल्साच्या कुठल्याशा खापरपणजीचा कान बिघडवला होतास आणि वाऱ्याने फाटला म्हणून बाबांना सांगितलंस, आठवतं का?

भेटीची आस लागलीय रे फार. इतकी वर्षं कशी काढली कोण जाणे.

तुझी,
राग्नाताई

•

हाम्राबोल, १६ जुलै १९८४

ती. राग्नाताईस,
लिंदीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी नाचलो, म्हणजे मनातल्या मनात. मग कॅलेंडर बघितलं आणि डोक्याला हात लावला. अगं वेडाबाई! तीस ऑगस्टचं जहाज हे या वर्षीचं शेवटचं जहाज. सकाळी येतं, माल-माणसं उतरवतं, दुपारी परत जातं, ते थेट पुढच्या जूनमध्ये तोंड दाखवतं. आणि वाटणी पंधरा सप्टेंबरला! डोंगरावरून मेंढ्या त्याआधी उतरवत नाहीत, हे तू विसरलीस? डेन्मार्कात राहून पार डॅनिश झालीस की गं. जहाजाने आलीस आणि वाटणीला थांबलीस तर परत कशी जाणार? विमानात तर तू बसणार नाहीस. म्हणजे अख्खा हिवाळा इथे अडकशील, घाट बंद, चहूकडे बर्फ आणि समोर माझं तोंड.

आणि आस्गर वेळापत्रकं करतो म्हणे! आईला एकीकडचं तिकीट काढून देतो आणि परतीचं विचारत नाही? असल्या माणसाच्या हातात तुमच्या आगगाड्या आहेत?

ताई, तिकीट बदल. ऑगस्टच्या सुरुवातीलाच ये, पंधरा दिवस राहा, तेच जहाज तुला परत नेईल. वाटणी राहू दे. मला खूप वाटत होतं तू ती बघावीस, पण राहू दे. मेंढ्या काय, मेंढ्याच.

आणि एक विचारतो, खरं सांग. तुला इथून कोणी काही लिहिलंय का? ओड्नी हल्ली माझ्याशी फार गोड बोलते, म्हणून शंका आली.

उत्तराची वाट बघतो. लोभात फरक नाही, काळजीत मात्र भर पडलीय.

तुझा,
लिंदी

ता. क. खोली उघडलीय. शेगडी चालते. म्हणजे तू येच असं नाही, सहज सांगितलं.

•

तोर्सहाव्न, २८ ऑगस्ट १९८४

चि. आस्गर यास,
आईचे अ. उ. आ.

तू म्हणालास तसंच झालं. काल सगळ्यांना खाली उतरवलं आणि जहाज नॉर्वेकडे चालतं झालं. एका बाईच्या घरी खोली मिळालीय. खिडकीतून बंदर दिसतं, पाऊस बारीक पडतोय, आणि जेवणात वाऱ्यावर सुकवलेलं मटण आहे, ज्याच्या वासाने तू पळून गेला असतास. मी दोनदा वाढून घेतलं. पहिल्या दिवशी समुद्राने मला चांगलंच लोळवलं, पोटात काही ठेवलं नाही. पण खाली पाणी आहे हे कळत होतं, त्यामुळे मनाने मी मजेत होते.

आता तुला सांगायला हवं. तू विचारलंस परतीचं, आणि मी म्हटलं की तिथून काढीन. तू बरं म्हणालास. घाईत होतास, मी मुद्दामच तू ऑफिसात असताना फोन केला होता. बाळा, परतीचं जहाज नाही. मी जातेय ते शेवटचं, पुढचं जूनमध्ये. मामाने मला ओरडून पत्र लिहिलं, मी उत्तर दिलं की मी म्हातारी, मला वेळापत्रकातलं काय कळतं, तिकीट आता बदलत नाही, परतीचं आल्यावर बघू. त्याला ते पटलं! वेळापत्रकं करणाऱ्याला मी वाढवलंय, मला ती वाचता येत नाहीत होय?

तुझ्या मामाचा खुबा गेलाय. वाटणीनंतर तो सगळा कळप ट्रकात घालणार आहे. मी आधी गेले असते तर त्याने पंधरा दिवस न लंगडता हिंडून दाखवलं असतं, मला हसतमुखाने जहाजावर चढवलं असतं, आणि मग सगळं विकून टाकलं असतं. राहायला आले असं सरळ सांगितलं असतं तर येऊच दिलं नसतं. माझ्यासाठी कष्ट नकोत, माझी दया नको, हे ते सगळं तो बोलला असता. तेव्हा परत जायची वाटच नसलेल्या दिवशी पोचायचं, असं मी ठरवलं. आता त्याला मला हाकलता येणार नाही. विमानात मी बसत नाही, हे तर सगळ्या जगाला माहीत आहे.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तू काळजीने आजारी पडला असतास आणि वर शिडीवाल्यांना सांगत बसला असतास. भीती वाटतेय का? वाटतेय. तिथला हिवाळा मी विसरलेले नाही. पण घरी परत जाताना जी भीती वाटते ती फार वाईट नसते रे.

गॅलरीतली फुलं तळमजल्यावरच्या बाईंना दिलीत. मला रोज आठवत जा, रोज नको तर जेवताना तरी.

तुझी,
आई

•

हाम्राबोल, २३ सप्टेंबर १९८४

चि. आस्गर यास,
लिंदीमामाचे अ. उ. आ.

तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहितोय. डॅनिश मी शाळेत शिकलो तेवढंच, तेव्हा हसू नकोस. तुझी आई म्हणते लिहायलाच हवं, आणि हल्ली या घरात ती म्हणते ते होतं.

धक्क्यावर ती उतरली तेव्हा मी काठी गाडीच्या मागे लपवली होती. तिने मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय, तर काठी आण. मग तिची पेटी उचलायला दोन माणसं लागली. घरी उघडली तर आत कॉफीचे कप. आमच्या आईचे, निळ्या काठाचे, तिने लग्नात नेलेले, बारा कप आणि बारा बशा, लोकरीच्या मोज्यात एकेक गुंडाळलेला. चार दिवसांच्या पाहुणीला बारा कप कशाला लागतात? मी तरी मूर्खच. विचारलं, तर म्हणाली तुझ्या कपांना टवके गेले असतील. ते गेले होते, त्यामुळे मी कॉफी ठेवली.

दुपारी आम्ही त्याच कपांतून कॉफी घेत होतो आणि जहाजाचा भोंगा झाला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फ्योर्ड सबंध दिसतो. मी घाबरून उठलो. तिला म्हणालो की अजून वेळ आहे, ओड्नीच्या गाडीने पोचवतो, पळ. तिने खिडकीतून जहाजाकडे बघून हात हलवला, जसा घरी आलेल्या पाहुण्यांना निरोप देताना हलवतात, आणि मला आणखी कॉफी मागितली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी भांडलो. दोन दिवस भांडलो. ती पडदे धूत राहिली.

वाटणीच्या दिवशी थंडी होती पण ऊन लख्ख. चारी बाजूंनी मेंढ्या, पोरांचा गोंगाट, तपकिरीच्या डब्या इकडून तिकडे, आणि मधोमध तुझी आई, ओड्नीच्या नवऱ्याचे बूट घालून. मी कठड्यावर बसून बघत होतो, पायामुळे आत जाता येत नाही. पैज आठवतेय ना? तिने खरंच डोळे मिटले. गर्दीत हात घालायची, दोन्ही कान चाचपायची, सोडून द्यायची. असं करत करत एका मेंढीपाशी थांबली आणि तिच्या मानेवर डोकं टेकलं. ती गोल्सा होती. आख्खं गाव बघत होतं. अकराच्या अकरा तिने स्वतः ओढून काढल्या, एकही चुकली नाही. मी रडलो. गावाला सांगितलं की वारा फार आहे.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. ट्रकवाला फळी टाकून उभा, आणि फळीवर तुझी आई. तिने त्याला बजावलं की कोकरं खुशाल न्यावी, मेंढ्या राहतील. मी म्हणालो कळप माझा आहे. ती म्हणाली की अकरा तिच्या आहेत, आणि अकरा मेंढ्या एकट्या ठेवल्या तर कुढून मरतात, तेव्हा बाकीच्या त्यांच्या सोबतीला राहतील. ट्रकवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी कुत्र्याकडे बघितलं. मग ट्रकवालाच म्हणाला की त्याच्या घरीही एक थोरली बहीण आहे, आणि तो कोकरं घेऊन निघून गेला.

ऑपरेशनला हो म्हटलंय. मार्चमध्ये नंबर आहे. घाट बंद असेल, पण चाकांऐवजी पट्टे असलेली बर्फगाडी दूध आणि माणसं नेते, ती मलाही नेईल. तोवर मी बसल्या जागेवरून हुकूम सोडतो आणि ती ऐकत नाही. आस्गर, मी या शरद ऋतूत एका खोलीत जाऊन बसायची तयारी केली होती. खिडकीपाशी खुर्ची कुठे ठेवायची हेसुद्धा ठरवलं होतं. आज ती गोठ्यात मेंढ्यांना नावं विचारतेय, इथपर्यंत ऐकू येतंय. तू तिला एकीकडचंच तिकीट काढून दिलंस, त्याबद्दल मी तुला आणि तुझ्या आगगाड्यांना बोललो होतो. ते शब्द मी परत घेतो.

आईची काळजी करू नकोस. मामावर लोभ धर, फुकट नाही, बदल्यात लोकरीचा स्वेटर पाठवतोय. विणलाय तिनेच.

तुझा,
लिंदीमामा

ता. क. उरलेल्या जागेत मी, आई. बाळा, बर्फ अजून पडलेलं नाही, गुडघे छान आहेत. मला न्यायला जूनच्या पहिल्या जहाजाने येतोस असं फोनवर म्हणालास. ये, पण न्यायला नको. गोल्साच्या दोन्ही पोरी राखल्यात, त्या वसंतात व्यायल्या की त्यांच्या कोकरांचे कान कापायचे असतात. माझी खूण तुझ्या नावावर करायची आहे, पहिली खाच तुझ्याच हातची हवी. विमानाने आलास तरी चालेल, मी काही म्हणणार नाही.